राजीखुशीची काडी

पेठकडच्या त्या पाड्यावर मंगलाबाईने पंचांसमोर नवऱ्याला सरळ सांगितलं, "पटत नाय ना? मग राजीखुशीनं काडी मोड आन् जा तुझ्या वाटेनं." त्यांच्या जमातीत दोघांनी मिळून गवताची काडी मोडली, की लग्न मोडायचं.

पण बारकू आता नाशिकला सरकारी कचेरीत खुर्चीवर बसत होता. तो सगळ्यांदेखत उसळला, "काडी मोडायला मी काय रानटी हाय? कोर्टात खेचीन, अब्रू वेशीवर टांगीन, मगच सोडीन!"

आणि टांगलीच. तारखांवर तारखा पडल्या. दर तारखेला एसटीने येऊन मंगलाबाई भर कोर्टात स्वतःला बदफैली म्हटलेलं ऐकत राहिली. शेवटी जज्जसाहेबांनी अर्जच फेटाळला. हा हिंदू विवाह कायदा आदिवासींना लागू नाही, तुमच्या रिवाजाने वेगळे व्हा, म्हणाले.

बारकूची नवी सोयरीक खोळंबली होती. मुकाट्याने तो पंचांपुढे आला. पंचांनी काडी पुढे केली. मंगलाबाईने ती घेतली आणि निवांत दात कोरत बसली. मग बारकूकडे बघून म्हणाली,

 

"काडी मोडायला मी काय रानटी हाय?"