बाहीचा जोड

बायकांच्या कामाबद्दल, आयुष्याबद्दल लिहिणारी पाहुणी रेकॉर्डर लावून बसली होती. ही गोडबोली बया नक्की सासूनेच पाठवलेली, असं शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मनाने घेतलं होतं.

"घरी काही त्रास?"

"छे हो. देवमाणूस आहे नवरा," मशीन न थांबवता ती म्हणाली.

पाहुणी लिहायला वाकली. ऐन उन्हाळ्यात तिची बाही मनगटापर्यंत होती, कोपराखाली वेगळ्याच कापडाचा जोड दिलेली. वळ झाकायला असे जोड शिवणारीने कितीतरी गिऱ्हाइकांना लावून दिले होते. स्वतःच्या बाह्यांनाही.

तिने मशीन थांबवलं.

"आधी तो रेकॉर्डर बंद करा," ती हळूच म्हणाली. "आणि खरं सांगा, तुमचाही देवमाणूसच का?"