आधी उठेल तो

पाचला दोन मिनिटं असताना भोंगेमामांचा हात कारखान्याच्या भोंग्याच्या साखळीवर गेला आणि तिथेच चिकटला.

समोरच्या खिडकीतून बैठक दिसत होती, ऐकूही येत होती. चौदावी बैठक. कारखान्याचे मालक, कामगारांचा पुढारी, सरकारी साहेब आणि वस्तीतर्फे खुद्द मामांची बायको. तिची मागणी एकच: भोंगा बंद करा, तान्ही पोरं दचकून उठतात. मामांना तिनं आधीच बजावलं होतं, "घरात तुम्ही माझे अहो. बैठकीत माझी तक्रार."

या बैठकीला एक खोड जडली होती. पहिल्या दिवशी पुढारी तणतणत आधी उठला आणि रात्रीपर्यंत गावभर झालं, 'कामगारांनी बोलणी मोडली.' तेव्हापासून आधी उठेल तो हरला. चौघं बुडाला डिंक लावल्यासारखे बसत. पाचचा भोंगा झाला की मात्र चौघं एकदम उठत आणि कुणाचीच मान खाली जात नसे. त्यात गाडी मुद्द्यावर आली रे आली, की मामांचं घड्याळ पळायला लागे. एकदा तर त्यांनी पाचचा भोंगा दिला, तेव्हा शाळेतली पोरं मधल्या सुट्टीचे डबे खात होती म्हणे! बैठक लोंबकळतेय तोवर भोंगा शाबूत, आणि भोंगा शाबूत तोवर मामा.

पण आज मालकांनी टेबलावर हे एवढं मोठं कुलूप आणून ठेवलं होतं. "आज मिटलं नाही, तर उद्या हे गेटला."

आत चारशे माणसं कामाला. मामांनी येरझाऱ्या सुरू केल्या, साखळी पुरेल तेवढ्याच. हात सोडवेना, ओढवेना. खिडकीतले आवाज हळूहळू खाली येत होते. मालक चक्क ऐकून घेत होते. पुढारी चक्क थांबून बोलत होता.

पाच वाजले. चौघांनीही सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं.

मामांनी साखळी सोडली आणि दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून बसले.

साडेपाचला मिटलं. साहेबांनी खणखणीत वाचलं. पाळी आठच तासांची. धुरांड्याला जाळी. आणि पहिलंच कलम, भोंगा कायमचा बंद. चौघांच्या सह्या झाल्या. मामांनी मांड्यांखालचे हात काढून साखळीवरून फिरवले. अठ्ठावीस वर्षं!

पावणेसहा झाले. सहा झाले. कुणी उठेना. पुढारी पाय हलवत होता. मालक जांभया गिळत होते. साहेब तोच कागद चौथ्यांदा वाचत होते. शेवटी मामांच्या बायकोनं, खुर्ची न सोडता, खिडकीतून मान बाहेर काढली.

"अहो, ऐकलं का? वाजवा की एकदाचा!"

"तुमचीच सही आहे, बाईसाहेब. भोंगा बंद."

"मग आम्ही काय इथंच म्हातारे व्हायचं?" हा आवाज मालकांचा होता.

साहेबांनी पुन्हा पेन काढलं. पहिल्या कलमापुढे तीन शब्द वाढले: 'बैठकीचे दिवस वगळून.' पुन्हा चार सह्या झाल्या. मग मामा साखळीला असे काही लोंबकळले, की पलीकडच्या तीन गावांनी आपापली घड्याळं मागे लावली.

चौघं एकदम उठले. दाराबाहेर पडतात न पडतात, तोच मामा धापा टाकत समोर हजर.

"साहेब, पुढची बैठक उद्याच ठेवायची का?"