अंगाऱ्याची डबी

दवाखान्याला कुलूप होतं. कृष्णातनं ते एकदा हलवूनही बघितलं. जसं काही त्र्यंबक डॉक्टर आत लपूनच बसले होते.

शेजारी सायकलचं दुकान होतं. तिथला केरबा पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता.

"डॉक्टर बेळगावला गेल्यात, पावणं. पोरीचं लगीन हाय. आठ दिवस तरी यायचं न्हाईत. काय दुकतंय काय?"

"न्हाय, न्हाय. सहज आलतो."

सहज दवाखान्यात येणारा माणूस केरबानं पहिल्यांदाच बघितला असावा. तो बराच वेळ बघत राहिला.

कृष्णात सकाळच्या मोटारीनं निपाणीहून आला होता. तंबाखूच्या सौद्याला म्हणून तो अधूनमधून जायचा. सौदा दुपारीच आटपायचा, गडी मात्र दुसऱ्या दिवशी उगवायचा. निपाणीत एक बाई होती, तिच्याकडं मुक्काम पडायचा. हे घरात कुणाला ठाऊक नाही याची त्याला पक्की खात्री होती. अशा गड्यांना अशी खात्री असतेच.

लढाईत तो इटलीत होता. तिथनं येताना पगाराबरोबर बाईकडचा आजारही घेऊन आला आणि कुणाला न सांगता संसाराला लागला. पहिली मुलगी झाली. बारसं व्हायच्या आधीच तिचे डोळे पुवानं चिकटले. डोळे गेले, पाठोपाठ तापात मुलगीही गेली. तेव्हा डॉक्टरांनी त्याला आत नेलं, दार लावलं आणि खरं काय ते सांगितलं: बापाचा आजार आईला, आईचा पोरीच्या डोळ्यांत. नवराबायको दोघांनाही इंजेक्शनं दिली.

"पोरीला दिष्ट लागली," असं कृष्णातनं झुंबरबाईला सांगितलं. "आणि तुला ही ताकदीची सुई हाय."

तिनं मान डोलावली. 

पोरीसाठी तो रडला होता, अगदी खरा रडला होता. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही अशी त्यानं शपथ घेतली. पण माणसाची जात बघा. शपथ निपाणी सोडायची नव्हती, गोळी घ्यायची होती. बाईकडून आल्याबरोबर पेनिसिलिनची गोळी घेतली की घरात काही येत नाही, असं त्याला पलटणीतल्या कुणीतरी सांगितलं होतं.

डॉक्टर आधी तयार नव्हते. "याचा काही भरवसा नाही, कृष्णातराव. जाणंच सोडा," म्हणाले. मग एक दिवस त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, आपण होऊन देऊ लागले. कापसाच्या गुंडाळीचा निळा कागद असतो, त्यात पुडी बांधून द्यायचे. "आणि घरच्यांचं काय?" असं त्यांनी एकदाच विचारलं.

"तिला काय कळतंय? भोळी हाय ती."

डॉक्टर चष्मा पुसत बसले.

आज मोटारीतनं उतरून चंची उघडली तर निळा कागद रिकामा, आणि दवाखान्यालाही कुलूप. कृष्णात तडक भाऊसिंगजी रोडला गेला. औषधाच्या दुकानात शिरला, तर गल्ल्यावर झुंबरबाईचा चुलतभाऊ सयाजी.

"या की दाजी! काय देऊ?"

दाजींनी डोकेदुखीचा बाम घेतला. पुढच्या दुकानात मालकानं "डॉक्टरची चिठ्ठी कुठं हाय?" असं एवढ्या मोठ्यानं विचारलं, की कृष्णात तसाच पायरी उतरला.

घरी आला तर आक्का, त्याची आई, सोप्यात जोंधळे पाखडत होती. "औंदा तरी पाळणा हलू दे बाबा," ती सुपावरनं मान न उचलता म्हणाली. त्याला ती पोरगी आठवली. तिचे ते चिकटलेले डोळे आठवले.

झुंबरबाईनं ताट वाढलं. तो भाकरीचा तुकडा मोडून नुसता कुस्करत बसला. समोर देव्हारा होता. त्यात अंबाबाईच्या अंगाऱ्याची पितळी डबी होती. झुंबरबाई भारी देवभोळी. शुक्रवारी अंबाबाईला जायची, येताना डॉक्टरीणबाईंना दूध पोचवायची. नवऱ्याजवळनं उठली की हातपाय धुऊन डबी उघडायची, अंगारा तोंडात टाकायची आणि वर तीर्थ प्यायची. एकदा काडेपेटी शोधताना कृष्णातनं ती डबी उचलली, तर ती केवढ्यांदा ओरडली होती. "बायकांचं व्रत हाय! बापय मानसानं शिवलं की मोडतंय!" तेव्हापासून तो त्या डबीला लांबूनच हात जोडायचा. आत्ताही त्यानं मनातल्या मनात जोडले.

"आठ दिवस मळ्यात वस्तीला जातो म्हणतोय," तो म्हणाला. "रानडुकरं लई झाल्यात."

"पीक तर काढून झालं न्हवं?"

"तरी बी. राखण नगो व्हय?"

"कशाची?"

  कृष्णात उगाच पाणी प्याला, उगाच तांब्या सरकवला. 

झुंबरबाईनं तो परत जागेवर ठेवला. मग ती उठली, देव्हाऱ्यातली डबी घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली.

"अगं, मला नगो अंगारा," तो म्हणाला. "तुझं व्रत मोडंल."

तिनं झाकण काढलं. आत अंगारा नव्हता. निळ्या कागदाची पुडी होती. ती सोडून तिनं त्यातली एक गोळी भाकरीशेजारी ठेवली.

"डॉक्टर आठ दिवस न्हाईत आणि तुमच्या सरल्या, न्हवं? माझ्यातली घ्या. पोरगी गेल्यापास्नं तुमी जवळ आलासा की दर बारीला घेती मी." तिनं डबीचं झाकण लावलं. "आणि तुमास्नी बी देत जावा म्हणून डॉक्टरांचं पाय मीच धरलं हुतं."