पोटभर जेवलो

मित्सुए आजीची लहानपणची डायरी तिच्या नातीनं, नाओनंच हौसेनं प्रदर्शनाला दिली होती. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं तोक्योची शाळकरी पोरं ज्या डोंगरातल्या मंदिरात आणून ठेवली होती, तिथंच हे प्रदर्शन भरलं होतं. गावाचा इतिहास लिहिणारे कुवाबारा काचेवर बोट ठेवून वाचू लागले, "‘आजही आम्ही पोटभर जेवलो. तेत्सुही मजेत आहे.’ बघा, परक्या पोरांना आमच्या गावानं काही कमी पडू दिलं नाही."

"त्या दिवशी मी खेळायच्या कापडी चेंडूंची शिवण उसवून आतल्या चवळ्या कच्च्या खाल्ल्या," आजी म्हणाली. "धाकट्या भावानं, तेत्सुनं, दंतमंजन खाल्लं."

नाओ चरकली. "मग असं का लिहिलंस, आजी?"

"गुरुजी रोज डायरी तपासायचे. भुकेचं लिहिलं की पान फाडायचे, पोटभर लिहिलं की हे असं लाल फूल काढून द्यायचे."

कुवाबारा समजूत घातल्यासारखे हसले. "इतक्या वर्षांनी आठवणीत गोंधळ होतो हो, आजी. त्याच दिवशी स्वतःच्या हातानं लिहिलेलं, तेच खरं धरायचं असतं."

आजीनं काठी आपटली. "माझ्या आईनंही तेच धरलं. आम्हाला घरी न्यायला आली होती ती. आम्ही रानात सरपण गोळा करत होतो, तर गुरुजींनी तिच्यापुढे हेच पान ठेवलं. ते वाचून ती निर्धास्त होऊन एकटीच परत गेली. महिन्याभरानं तेत्सु घरी पोचला, अस्थींच्या डब्यातून."