अण्णांचं अक्षर

“एका बिलाचे पाच रुपये मागतोय तो ऑपरेटर. त्यापेक्षा तुम्ही वाचा, मी टाइप करते,” माहेरी आलेली हेमलता वडिलांना म्हणाली. पंपाच्या सुट्या भागांच्या त्यांच्या दुकानातली जुनी हातबिलं कॉम्प्युटरवर चढवायची होती. मोबाइलच्या फुकट ॲपला अण्णांचं गिचमिड अक्षर वाचता येईना. तिलाही ते जडच जात होतं.

चार दिवस अण्णा घडाघडा वाचत होते आणि तिची बोटं भराभर चालत होती.

पाचव्या दिवशी चहा देताना तिची नजर त्यांच्या हातातल्या बिलावर गेली. अण्णा ‘पाटणे, फूटव्हॉल्व्ह एक’ म्हणत होते आणि कागदावर ‘खोत, बेअरिंग दोन’ लिहिलेलं होतं. तिने आधीची बिलं काढून ताडून पाहिली. एकही जुळेना.

“अण्णा, हे काय?”

“अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत गं. दिवाळीपासून असं झालंय,” ते खाली बघत म्हणाले. “आठवतील ती गिऱ्हाइकं सांगत गेलो.”

“मग बोलला का नाहीत?”

“लग्नानंतर पहिल्यांदाच इतका वेळ शेजारी बसली होतीस.”

हेमलताने चार दिवसांचं सगळं टायपिंग काढून टाकलं. मग डोळे पुसून पहिलं बिल अण्णांसमोर धरलं आणि अडखळत स्वतःच वाचलं, “सातपुते, वॉशर बारा. बरोबर ना, अण्णा?”

अण्णा त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले.

“बरोबर,” ते म्हणाले.