हाफटाइमचा सत्कार

ट्रॉफीवरच्या वीतभर खेळाडूच्या हातात बॅट होती. सत्कार मात्र शाळेत फुटबॉल शिकवणाऱ्या इंगवले सरांचा होता. तोही फायनलच्या हाफटाइमला, संघानं तीन गोल खाल्ल्यावर.

गोलकीपर, म्हणजे संस्थाध्यक्षांचा नातू, सरांच्या कानाशी लागला. “सर, आता तरी मला बाहेर बसवा. जूनपासनं सांगतोय की!”

“तुझ्या आजोबांना कोण सांगणार? तू?”

“मी? मला घरी जेवायचंय, सर.”

माइकवर आजोबा रंगात आले होते. “नेतृत्व असावं तर असं! सर कुणाच्या बापाला भीत नाहीत. शाळाच काय, अख्खी पेठ यांनी घडवली!” त्यांनी सरांना शाल पांघरली आणि माइक हातात दिला.

चेंडू आल्यावर मिटायचा, तसेच नातवानं डोळे मिटले.

सरांनी घसरणारी शाल सावरली. “साहेब, दुसऱ्या हाफला तुमचा नातू बाहेर बसेल.”