मिस्त्रींचा हात

स्टूल डुगडुगत होतं. चष्म्याच्या दुकानवाल्याने ते फरशीवर इकडून तिकडे सरकवून पाहिलं, तरी डुगडुगतच राहिलं. एक पाय चांगला बोटभर आखूड होता.

"मिस्त्री, तुमच्याकडून असं?" तो हळूच म्हणाला.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी आपल्या पंज्याकडे पाहिलं. "वय झालं हो. हात ऐकत नाही. चार दिवसांनी या, दुरुस्त करून ठेवतो."

आतल्या खोलीच्या दारातून त्यांच्या मुलाने हे पाहिलं. गेले सहा महिने तो त्या खोलीतून आंघोळीला आणि जेवायला तेवढा बाहेर येत होता. त्याची बायको गेली होती. ताप काय आला आणि नवव्या दिवशी सगळं संपलं काय. पुढच्या खोलीतल्या कारखान्यात खिडकीजवळ बसून ती खुर्च्यांच्या वेताच्या बैठकी विणायची. ती गेल्यापासून त्याने रंध्याला हात लावला नव्हता. शेजारी समजावून थकले. बहीण रडली, भांडली, शेवटी आपल्या घरी निघून गेली. वडील मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचं ताट झाकून ठेवायचे आणि कामाला लागायचे.

त्यांच्याकडची प्रत्येक वस्तू मापाची असे. बसणाऱ्याला समोर बसवून गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घ्यायचं, त्याच्या घरी जाऊन ओट्याची उंची बघायची, मगच लाकडाला करवत लावायची. पन्नास वर्षांत मिस्त्रींचं एकही स्टूल परत आलं नव्हतं.

त्या दुपारी जेवण झालं आणि वडील आडवे झाले. जन्मात कधी दुपारी न झोपलेला माणूस चक्क घोरायला लागला. मुलगा बराच वेळ दारात उभा राहिला. मग खिडकीकडे न बघता तो कारखान्यात शिरला. बाकीचे तीन पाय कापले असते तर स्टूल बुटकं झालं असतं, म्हणून त्याने चौथा पायच नवा केला. सहा महिन्यांत तळवे मऊ पडले होते, त्यांना फोड आले. वडील उठायच्या आत त्याने स्टूल होतं तिथे ठेवलं आणि भुसा झाडून टाकला.

संध्याकाळी वडिलांनी स्टूल हलवून पाहिलं. "उगाच बोंब मारली त्यानं. बरं तर आहे की," ते म्हणाले. मुलगा मान खाली घालून जेवत राहिला.

मग ते रोजचंच झालं. वडील सकाळी चुकायचे, मुलगा दुपारी निस्तरायचा. कधी सांधा ढिला, कधी खुर्चीची पाठ तिरकी, कधी पाय टेकायची पट्टी इतकी वर की बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागावेत. मुलगा हातोडी चालवायचा, करवत चालवायचा आणि भिंतीपलीकडे वडील गाढ झोपलेले. आता कानही गेले, असं त्याला वाटायचं. बायको नऊ दिवसांत गेली. वडील त्याच्या डोळ्यांसमोर थोडे थोडे चालले होते. म्हाताऱ्याला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढ्या एका कारणासाठी तो सकाळी अंथरुणातून उठू लागला.

चुका वाढल्या, दुपार पुरेना. एके दिवशी तो सकाळीच वडिलांशेजारी येऊन बसला. "बाबा, तुम्ही नुसतं सांगा. कापतो मी."

"बरं होईल रे," म्हणत वडील लगेच बाजूला सरकले.

पुढे एका गिऱ्हाइकाने वेताचीच बैठक मागितली. मुलाने बायकोने बांधून ठेवलेली वेताची जुडी सोडली आणि तिथेच हमसून हमसून रडला. वडिलांनी त्याचं रडणं संपू दिलं, मग वेताचं दुसरं टोक धरून समोर बसले. त्याची वीण ओबडधोबड झाली. तीन वेळा उसवली. चौथ्यांदा जमली.

वर्षभराने वडील गेले. एका सकाळी उठलेच नाहीत. मुलगा या खेपेला आतल्या खोलीत बसला नाही. कामं हातात होती, लोकांना शब्द दिलेला होता. एकच गोष्ट त्याला सलत होती. एवढा मोठा कारागीर, आणि अखेरच्या काळात त्याच्या हातून एक वस्तू धड झाली नाही.

महिन्याभराने पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाई आल्या. बाई आता निवृत्त होत्या. हमालाच्या डोक्यावरून त्यांनी एक उंच स्टूल आणलं होतं.

"अगदी अस्संच आणखी एक हवंय. माझी बहीण राहायला आलीय."

त्याने स्टूल उलटं केलं. सांध्यात नखसुद्धा शिरत नव्हतं. सरळ ठेवलं तर चारही पाय फरशीवर टेकले ते हलेचनात.

"बाबांचं काम. फार जुनं असेल."

"जुनं कुठलं? मागच्या हिवाळ्यातलं. ओट्याशी उभं राहवत नव्हतं मला. संध्याकाळी फिरायला म्हणून यायचे आणि माझ्या मागच्या अंगणात बसून करायचे."

"मागच्या हिवाळ्यात?" त्याने स्टूल पुन्हा हलवून पाहिलं. "बाई, तेव्हा त्यांचा हात चालत नव्हता."

नर्सबाई म्हणाल्या, "ते असेपर्यंत बोलायचं नाही, असं कबूल केलं होतं मी. स्टूल देताना म्हणाले, 'हे माझ्या पोराच्या नजरेला पडू देऊ नका. माझा हात शाबूत आहे हे कळलं, तर तो पुन्हा आत जाऊन बसेल.'"